मी गाण्याचा क्रमांक, आवाजाचा नव्हे!

मित्रांनो, मी एक जुना क्रमांक आहे. नाके मुरडू नका. आधी ‘टी’ हे अक्षर, मग नऊ आकडे आणि शेवटी तपासणीचा एक आकडा, एवढाच माझा देह. पण माझ्याशिवाय एका माणसाचे नावच पुसले गेले होते, ते ऐका.

तो माणूस म्हणजे एक घड्याळजी. त्यांची बायको लवकर गेली. वेणी घालताना लहानगी लेक घर डोक्यावर घेई, म्हणून त्यांनी तिच्यासाठी एक गाणे रचले. शब्द त्यांचे, चालही त्यांचीच. तिसरे कडवे संपेपर्यंत वेणी पुरी होई. लेक मोठी झाल्यावर तिने ते गीत नोंदणीच्या कचेरीत नेले आणि तिथे मी त्या गाण्याला कायमचा मिळालो.

गाणे लोकांना आवडले. कुणी ते बासरीवर वाजवले, एका शाळेने समूहाने गायले. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला आपापला वेगळा क्रमांक मिळाला. माझी ना नव्हती. ते क्रमांक मुद्रित आवाजाचे, मी मूळ रचनेचा. चार जणांनी गायले म्हणून गाण्याला चार बाप होत नाहीत!

मग एका नामवंत गायिकेने ते गायले. तिच्या कंपनीतल्या कारकुनापुढे दोन रकाने होते, रचनेचा आणि ध्वनिमुद्रणाचा. “एकाच गाण्याला दोन-दोन नंबर कशाला?” असे म्हणून त्याने ध्वनिमुद्रणाचाच क्रमांक दोन्हीकडे टाकला. रचनेच्या रकान्यात संगणकाने तो नाकारला, तेव्हा पठ्ठ्याने तो रकाना रिकामाच सोडला. रिकामा रकाना पाहून संगणकाने छापले, ‘पारंपरिक. कर्ता अज्ञात.’ मागून आलेला आवाजाचा क्रमांक जागेवर आणि मी मूळचा गायब, कानामागून आली आणि तिखट झाली! मला संताप आला, आजही येतो.

रेडिओवरच्या निवेदिकेने गाण्याआधी ‘कर्ता अज्ञात’ म्हटलेले ऐकून घड्याळजींनी डोळ्याचे भिंग काढले.

“मी इथं जिवंत बसलोय की! मग अज्ञात कसा? जाऊ दे, लोक गाणं ऐकतायत ना.”

“जाऊ दे काय, बाबा? उद्या माझी वेणीसुद्धा पारंपरिक म्हणतील!”

लेक कचेरीतून माझा दाखला घेऊन थेट त्या कारकुनापुढे उभी राहिली.

“अहो ताई, नंबर आहे की आमच्याकडे!”

“तो तुमच्या बाईंच्या आवाजाचा. त्यांनी हेच गाणं पुन्हा रेकॉर्ड केलं तर तो बदलेल?”

“बदलेल.”

“हा बदलणार नाही. हा माझ्या बाबांच्या गाण्याचा आहे. भरा.”

त्याने मला रचनेच्या रकान्यात भरले. तपासणीचा आकडा जुळला आणि संगणकाने मला पहिल्याच फटक्यात घेतले.

पुढच्या आठवड्यात निवेदिकेने गाण्याआधी घड्याळजींचे नाव घेतले, वडिलांच्या नावासकट, पूर्ण. म्हातारबांच्या हातातला चिमटा थांबला. “आवाज वाढव गं,” ते लेकीला म्हणाले, “समोरच्या दुकानात ऐकू गेलं पाहिजे.”

मित्रांनो, मला कुणाची दया नको. गाणाऱ्याला मनसोक्त टाळ्या द्या, त्याचा तो हक्कच आहे. पण गाणे रचले कुणी, हेही विचारा. कुणी ‘अज्ञात’ म्हणाले तर लगेच मान डोलावू नका, आधी माझा रकाना बघा. आणि कर्ता हयात असेल, तर त्याचे नाव त्याच्या कानांवर पडेल एवढ्या मोठ्याने घ्या.