वाऱ्याने दिलेला रंग

जोआनाला पप्पांसाठी जीन्स करायची होती. सूत रंगवण्यापासून कापड विणण्यापर्यंत सगळं घरीच. पण पप्पांचं, म्हणजे बॅप्टिस्टांचं, एकच पालुपद, "या वयात मी जीन्स घालू? अख्खं भुईगाव हसेल."

आज तिने निळीच्या पिंपातून सुताची पहिली लड काढली, तर ती हिरवीगार!

"अगं, ही तर केळीच्या पानासारखी झाली! बुडव परत," बॅप्टिस्ट कळवळले.

"थांबा हो पप्पा. निळीला आधी वारा हवा."

लड दोरीवर चढली. समुद्राकडून वारा आला, सुतावरून हात फिरवत गेला, आणि हिरव्यातून निळं उमलू लागलं. आतले धागे मात्र हिरवेच होते. बॅप्टिस्ट उठले आणि लेकीचे केस सोडवावेत तसे ते हलकेच मोकळे करत राहिले.

"गुडघ्यात सैल शिव हां," ते म्हणाले, "चर्चमध्ये मिस्साला टेकावे लागतात."