भरल्या अंगाची उपासमार

शाळेचे गणवेश शिवणाऱ्या त्या दुकानात ताई कापड कापायची आणि धाकटी शिवायची. आई गेल्यावर ताईनंच धाकटीला लहानाचं मोठं केलं होतं. ताईचं अंग इतकं सुटलं होतं, की टेबलाशी तिला दोन स्टुलं जोडून द्यावी लागायची. "मी दारात उभी राहिले की उजेड परत जातो," असं ती स्वतःच म्हणायची आणि गिऱ्हाइकाच्या आधी हसून घ्यायची.

चारचौघांत ती चिमणीएवढं खायची. लोक ताटाकडे बघतात, म्हणून भाजी नको, अंडं नको. मग मागच्या खोलीत, कापडाच्या गठ्ठ्यांआड बसून पाव आणि बिस्किटं. तिथं कुणी बघत नसे.

गुडघ्यांनी पार दगा दिला तेव्हा तिनं जठर लहान करायचं ऑपरेशन करून घ्यायचं ठरवलं. डॉक्टरीणबाईंनी आधी रक्त तपासलं. लोह कमी, डी जीवनसत्त्व कमी, बी-वन तर अगदी तळाला.

"हे भरून निघाल्याशिवाय मी हात लावणार नाही," त्या म्हणाल्या. "गोळ्या चुकवू नका, नीट जेवा. आणि थोडं वजन उतरलं तर बरं."

बाहेर पडल्यावर धाकटीला हसू आवरेना. "ताई, तुझ्यात आणि कमतरता?"

"यंत्र बिघडलं असेल गं त्यांचं," ताईही हसली.

दोघींच्या लक्षात राहिलं ते तेवढं शेवटचं वाक्य. ताई पातळ सूप आणि पाण्यावर राहू लागली. मग उलट्या सुरू झाल्या. गोळीही पोटात ठरेना, म्हणून गोळ्या सुटल्या. काटा मात्र खाली येत होता. "आमच्या ताईनं मनावर घेतलं की घेतलंच!" असं धाकटी शेजारच्या दुकानांत सांगत फिरली.

ताई भिंत धरून चालू लागली. "पायांत कापूस भरल्यासारखं वाटतंय गं. आणि एका कॉलरच्या दोन दिसतात."

"वजन उतरतंय, अशक्तपणा येणारच. आता थोडक्यासाठी कच खाऊ नकोस."

ताईनं कच खाल्ली नाही.

एका सकाळी ती कात्री हातात धरून नुसतीच बसून राहिली. धाकटीला बघून दचकली. "अगं, तू अजून शाळेत नाही गेलीस? आई रागावेल."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी ताईचे डोळे तपासले, आणि दुसरं काही करायच्या आत बी-वनचं इंजेक्शन शिरेतून सुरू केलं.

"उलट्या होत होत्या, तर मला का नाही सांगितलंत?"

धाकटी म्हणाली, "पण एवढ्या अंगाला... उपासमार?"

"अंगावर चरबी होती. मेंदूला लागतं ते नव्हतं. होतं नव्हतं तेही या उपासात संपलं."

ताईची नजर जागेवर आली. पायही आले, काठीच्या आधारानं का होईना. जुनं सगळं तिला लख्ख आठवतं. नवीन काही मात्र मनात टिकत नाही. टेपनं माप घेते आणि कापडाकडे वळेपर्यंत विसरते. आता कापायलाही धाकटीच बसते.

ऑपरेशन लांबणीवर पडलंय. ताई रोज विचारते, "कधी आहे गं?"

"पुढच्या महिन्यात," असं धाकटी आधी सांगायची. ते ऐकलं की ताई ताट बाजूला सारायची. "मग मला वाढू नकोस."

म्हणून एका दुपारी धाकटी म्हणाली, "झालं की ऑपरेशन. आता पोटभर जेवायचं."

ताईचा चेहरा उजळला. "झालं?" तिनं खाली स्वतःकडे पाहिलं. पोटावरून हळूच हात फिरवला.

"मग मी अजून अशीच कशी गं?"

धाकटीनं भाजीचा घास केला आणि ताईच्या ओठांशी धरला. लहान मुलीसारखं ताईनं तोंड उघडलं. धाकटीचे डोळे वाहताना पाहून तिनं पदरानं ते पुसले आणि घास चावता चावता विचारलं, "कोण बोललं तुला? नाव सांग मला त्याचं."