भूलवाल्या बाईंची लपवाछपवी

"तुला ऐकू येत नाहीये का ती शिट्टी?" बाईंनी नवऱ्याला पहिल्यांदा विचारलं तेव्हा तो दाढी करत होता. त्याने नळ बंद केला, कान टवकारले, खिडकीबाहेर डोकावून पाहिलं आणि म्हणाला, "कसली शिट्टी? काहीच नाही. झोप नीट होत नाही तुझी, दुसरं काय!"

झालं! घरोघरचं रामबाण निदान हेच. पाठ दुखली, झोप नीट नाही. डोकं दुखलं, झोप नीट नाही. कानात अखंड शिट्टी वाजतेय म्हटलं तरी झोप नीट नाही. अरे, त्या शिट्टीमुळेच झोप लागत नाही, हे सांगायला जावं तर सांगणार कुणाला? तोवर समोरचा आंघोळीला निघून गेलेला असतो.

या बाई भूलतज्ज्ञ. ऑपरेशनच्या वेळी माणसाला झोपवायचं, झोपेत त्याचा श्वास सांभाळायचा आणि काम झालं की सुखरूप जागं करायचं, हा त्यांचा व्यवसाय. रुग्णालयात सगळे त्यांना 'भूलवाल्या बाई' म्हणत. पेशंट बरा झाला की हारतुरे सर्जनला. भूल देणाऱ्याचा चेहराही कुणाच्या लक्षात राहत नाही. त्याचं बाईंना काही नव्हतं. पण विभागप्रमुखाची जागा रिकामी होणार होती आणि ती त्यांना हवी होती. अगदी मनापासून हवी होती. का नसावी? उमेदीची वर्षं त्यांनी त्या हिरव्या कपड्यांत काढली होती. आणि नेमकी तेव्हाच ही शिट्टी मागे लागली.

भूल दिलेल्या माणसाशेजारी मॉनिटर असतो, तो नाडीबरोबर टिकटिक करतो. रक्तातला प्राणवायू घटू लागला की त्या टिकटिकीचा सूर खाली उतरत जातो. पाठमोरा उभा असलेला भूलतज्ज्ञसुद्धा त्या सुरावरून ओळखतो, काहीतरी बिनसलंय. बाईंच्या कानातली शिट्टी बरोबर त्याच सुराच्या आसपास वाजायची. त्यात भर मोठ्या सरांच्या गाण्यांची. मोठे सर म्हणजे तिथले सर्जन. हाताला यश, पण तोंडाला लगाम नाही. ऑपरेशन करताना त्यांना गाणी लागत, तीही दणदणीत. गाणी, टिकटिक आणि शिट्टी यांच्यात बाईंचं डोकं नुसतं पिंजून निघे. कधी या पायावर, कधी त्या पायावर; एका जागी उभं म्हणून राहवत नसे. शेवटी एक दिवस त्यांनी टिकटिकीचाच आवाज बारीक केला. डोळे आहेत ना, पडद्यावर बघेन, असं मनाशी म्हणाल्या.

आता तुम्ही म्हणाल, सरळ गाणी बंद करा म्हणायचं ना! तर सरांनी 'का?' म्हणून विचारलं असतं, आणि कारण सांगावं लागलं असतं. पूर्वी एका वयस्कर डॉक्टरांनी कानाला यंत्र लावलं, तेव्हा मोठे सर म्हणाले होते, "आले बघा रेडिओ लावून!" सगळे खो खो हसले. बाईसुद्धा हसल्या होत्या. पुढे त्या डॉक्टरांना कुणी अवघड ऑपरेशनला बोलावेना. हे बाईंनी डोळ्यांनी पाहिलं होतं, मग तोंड कसं उघडणार?

एका दुपारी त्या शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, तोंडाला मास्क लावून, कानाच्या डॉक्टरांकडे गेल्या. चोरासारख्या! त्या डॉक्टरीणबाई वयाने मोठ्या आणि बोलायला रोखठोक.

"काय करता तुम्ही?"

"नोकरी."

"नोकरी सगळेच करतात. कसली?"

मग सांगावंच लागलं. तपासण्या झाल्या.

"याला कर्णनाद म्हणतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मनाचे खेळ नव्हेत हे. तुम्हाला ऐकू येतंय ते खरंच येतंय, फक्त बाहेर वाजत नाहीये. मुळासकट जाईल असं वचन मी देणार नाही. पण याच्यासोबत जगता येतं आणि कामही करता येतं. रुग्णालयात सांगितलंत?"

"छे! सांगितलं तर उभं तरी करतील का मला तिथे?"

"नजर कमी झाली की चष्मा लावून मिरवतो आपण. मग कानांनीच काय घोडं मारलंय? गाणी बंद करायला लावा. टिकटिकीचा सूर बदलून मिळतो का बघा. सोबत एक माणूस मागा. तुमचं काम तुम्ही करू शकता. फक्त लपवून नाही, सांगून करा."

"तुम्हाला बोलायला सोपं आहे," असं म्हणून बाई उठल्या त्या थेट बाहेर. रस्त्यात हॉर्न वाजत होते, बस घरघरत होत्या, आणि त्या सगळ्यांवर आपली एकटी शिट्टी!

त्यानंतर एका आजींचं पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं. आदल्या दिवशी बाईंनी नेहमीप्रमाणे खाटेशी बसून विचारलं, "आजी, दमा, धाप, काही त्रास? साधा खोकला असला तरी सांगा. माझ्यापासून काही लपवायचं नाही, हं."

"मला मेलीला कसला दमा!" आजी म्हणाल्या.

ऑपरेशन सुरू झालं. गाणी जोरात होती. बाई पाठमोऱ्या होऊन इंजेक्शन भरत होत्या. टिकटिकीचा सूर उतरू लागला. बाईंना काही म्हणता काही कळलं नाही! कानात शिट्टी, खोलीत गाणं, आणि टिकटिक त्यांनी स्वतःच्या हाताने दाबलेली.

"बाई, मॉनिटर!" सिस्टर किंचाळल्या.

बाईंनी वळून पाहिलं, प्राणवायूचा आकडा घसरत होता. आजींच्या श्वासनळ्या आवळल्या होत्या. आजींना दमा होता तर! बाईंचे हात भराभर चालू लागले. प्राणवायू वाढवला, औषध दिलं, छातीला स्टेथोस्कोप लावून पाहिला. हळूहळू श्वास मोकळा झाला. आजी वाचल्या. बाईंच्या पाठीला मात्र घामाने कपडे चिकटले होते.

संध्याकाळी त्या तरातरा वॉर्डात गेल्या.

"आजी, दमा लपवलात? का?"

"रागावू नकोस ग बाई. सांगितलं असतं तर तू ऑपरेशन पुढे ढकललं असतंस. लेकीने मिनतवाऱ्या करून रजा काढलीय. म्हटलं, इतके दिवस निभावलं, आताही निभावून जाईल."

"निभावून जाईल? अहो, दुसऱ्यांनी तुमचा जीव सांभाळायचा आणि तुम्ही त्यांच्यापासूनच…"

बाई मधेच थांबल्या. हे आपण कुणाला सुनावतोय? आजींनी स्वतःचा जीव टांगणीला लावला होता. आपण तर परक्याचा लावला! बाई तिथेच खाटेच्या कडेवर बसल्या आणि रडू लागल्या. आजी बिचाऱ्या घाबरून त्यांच्या पाठीवर हात फिरवत राहिल्या. बाईंनी डोळे पुसले आणि खरं ते सगळं आजींना सांगितलं. टिकटिक आपण बारीक केली होती, हेसुद्धा. माफीही मागितली.

दुसऱ्या दिवशी पेशंटला आत आणायच्या आधी बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "सर, आजपासून गाणी बंद. मला कर्णनाद आहे. कानात सतत शिट्टी वाजते. काल मला सूर उतरलेला कळला नाही. प्रशासनाला मी लेखी कळवलंय."

मोठे सर म्हणाले, "मग तुम्ही भूल कशी देणार?"

"कालपर्यंत लपवून देत होते. त्यात धोका होता. आज सांगून देणार आहे. टिकटिक मोठी राहील, आणि सिस्टर माझ्याबरोबर पडद्यावर लक्ष ठेवतील."

"अहो, पण आधी सांगायला काय झालं होतं?"

"सर, 'रेडिओ लावून आले' हे कोण म्हणालं होतं?"

सरांनी स्वतःच जाऊन गाणं बंद केलं.

चौकशी झाली. बाईंना कडक शब्दांत समज मिळाली आणि विभागप्रमुखाची जागा दुसऱ्याला गेली. बाईंना वाईट वाटलं नाही असं मी म्हणणार नाही. चांगले चार दिवस त्या घरात कुणाशी धड बोलल्या नाहीत. नवरा मात्र आता झोपेचं नाव काढत नाही. "आज जास्त वाजतंय का ग?" एवढंच विचारतो, आणि उत्तर येईपर्यंत थांबतो.

बाईंनी एक नवा रिवाज पाडला. ऑपरेशनआधी पेशंटला विचारतात ते प्रश्न आपल्या माणसांनाही विचारायचे: कुणाला काही त्रास? काही सांगायचंय? पहिले काही दिवस सगळे नुसते छताकडे बघायचे. मग एके सकाळी मोठे सर घसा खाकरून म्हणाले, "माझा गुडघा… जरा जास्तच दुखतोय. बरेच महिने झाले. मला मधे स्टूल लागेल." कुणी हसलं नाही. सिस्टरनी मुकाट्याने स्टूल आणून ठेवलं आणि सर टेकले.

मित्रहो, आजार लपवणं म्हणजे शौर्य नव्हे. कधीकधी तो दुसऱ्याच्या जिवाशी खेळ असतो. पण ज्याने लपवलं त्यालाच धारेवर धरू नका. आपण हसलो म्हणून त्याने लपवलं. "मला त्रास होतोय," असं उद्या तुमच्या शेजारच्या टेबलावरचं कुणी म्हणालं, तर लगेच रोगाचं निदान करू नका, विनोद करू नका. आधी बसायला द्या, आणि ऐकून घ्या.