बंद इंजिनावर पाहिलेलं ऑइल

खुशालराव मिस्त्री गाडीला हात लावायच्या आधी तिचा निकाल देतात अशी त्यांची ख्याती होती, आणि ती पसरवण्यात त्यांचा स्वतःचा हातभार मोठा होता. अमरावतीत बडनेरा रोडवर त्यांचं गॅरेज. चाळीस वर्षं जीप, ट्रक आणि टेम्पो खोलण्यात गेलेली. गिऱ्हाईक लक्षण सांगायला लागलं की खुशालराव हात वर करून म्हणायचे, "थांब. मले आवाज आयकू दे." मग आवाज ऐकायचे आणि जे बोलायचे ते शेवटचं असायचं.

संघपालची पिकअप मात्र निराळ्या जातीची निघाली. संघपालची वलगाव रोडला कलमांची नर्सरी. लहानपणीच्या पोलिओने त्याचा डावा पाय लुळा पडलेला, त्यामुळे क्लच दाबणं त्याच्या नशिबात नव्हतं. पूर्वी त्याच्याकडे जुनी जीप होती. नर्सरीच्या आवारात ती चालवताना धाकटा भाऊ अनुप शेजारी चिकटून बसायचा आणि संघपाल "दाब" म्हणाला की क्लच दाबायचा. दोघं भाऊ मिळून एक ड्रायव्हर व्हायचे, आणि त्यांची आई, जाईबाई, दारात उभी राहून हसायची. पुढे धरणाच्या कामावरच्या कुठल्याशा कंपनीने आपली वीस वर्षांची परदेशी पिकअप लिलावात काढली. क्लच नसलेली, गिअर आपोआप पडणारी. संघपालने ती घेतली आणि आयुष्यात पहिल्यांदा एकटा गावाबाहेर गाडी घेऊन गेला.

"काका, हे येगळी गाडी हाय. जमते न तुमाले?" त्याने तेव्हाच विचारलं होतं.

खुशालरावांना ते झोंबलं. "चार चाकं हायेत न तिले? मंग जमते."

यंदा जुलैत अनुप आवळ्याची आणि बांबूची रोपं भरून मेळघाटात सेमाडोहला गेला. चढावर इंजिन बोंबलायला लागलं आणि गाडी पुढे सरकेना. कसाबसा पोचला. परतताना तिसरा गिअर पडेना, पडला तर धक्का देऊन पडे. खुशालरावांनी गिअरबॉक्सच्या ऑइलची पट्टी ओढून पाहिली. ऑइल बरोबर खुणेपर्यंत, पण काळं पडलेलं आणि जळका वास मारणारं.

"ऑइल पुरं हाय, तरी जयलं," ते म्हणाले. "घाट उतरताना न्यूट्रल मारलं असन यानं. डिझल वाचवाले. अशा गाडीत न्यूट्रल मारलं का आतल्या पलेटी गेल्याच समज."

मेळघाटातून उतरणारा कोणता ड्रायव्हर न्यूट्रल मारत नाही? त्यामुळे संशयाला जागाच उरली नाही. अनुप मात्र परोपरीने सांगत होता, "दादा, मी नाही मारलं. कसम."

संघपालने गॅरेजातच, चार गिऱ्हाइकांसमोर, त्याला सुनावलं, "दोन पाय धड असनाऱ्याले माह्या गाडीची किंमत काय कयनार!"

दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी उचलून अनुप अकोल्याला डाळमिलमध्ये कामाला गेला. दीड महिना झाला, फोन उचलत नव्हता. जाईबाई रोज एकदा संघपालच्या फोनवरून लावायची आणि वाजून बंद झाला की पदराने फोन पुसून परत द्यायची.

गिअरबॉक्स कुठे जुना मिळतो का, याच्या शोधात खुशालरावांचे ते दिवस गेले. ऑगस्ट संपता संपता नागपूरच्या भंगारवाल्याने एक असल्याचं कळवलं. खोलण्याआधी एकदा चालवून पाहावी म्हणून ते पिकअप घेऊन एकटेच निघाले.

सपाट रस्त्यावर गाडी शहाण्यासारखी चालली. तिसराही पडला. उड्डाणपुलाच्या चढावर मात्र इंजिन भणाणलं, गाडी जेमतेम सरकत होती, आणि खालून बारीक शिट्टीसारखा आवाज. पूल उतरून थोडं थांबले, तर पुन्हा ठीक. त्यांनी तीनदा पूल चढून पाहिला. तिन्ही वेळा तेच.

हे काही त्यांना रुचेना. जळालेल्या प्लेटी सपाटीलाही घसरल्या पाहिजेत. हे तर विहिरीत पाणी कमी असल्यावर मोटर जशी घरघरते तसं वाटत होतं. गिअरबॉक्समधला पंप ऑइलऐवजी हवा ओढत असावा. पण ऑइल तर पुरं होतं. त्यांनी स्वतः पाहिलं होतं.

गॅरेजात आल्यावर पट्टी काढली, आणि आजवर कधी न केलेली गोष्ट केली. ती पेट्रोलमध्ये बुडवून, जुन्या ब्रशने घासून साफ केली. काळ्या थराखालून इंग्रजी अक्षरं वर आली. खुशालराव दहावीपर्यंत शिकलेले. डोळ्यांजवळ धरून एकेक अक्षर लावत त्यांनी वाचलं. ऑइल गरम असताना, इंजिन चालू ठेवून पाहावं, असं त्या पट्टीवर वीस वर्षांपासून लिहिलेलं होतं.

त्यांच्या उस्तादाने त्यांना पहिल्या दिवशी शिकवलं होतं ते याच्या नेमकं उलट. इंजिन बंद कर, थंड होऊ दे, ऑइल खाली बसू दे, मग पट्टी पाहा. इंजिनाच्या ऑइलला ते सोळा आणे खरं होतं, आणि याही गाडीला त्यांनी तोच नियम लावला होता.

त्यांनी इंजिन चालू केलं. गरम होऊ दिलं, ब्रेक दाबून सगळे गिअर एकदा फिरवले, आणि चालू इंजिनावर पट्टी घातली. बाहेर आली ती कोरडी ठणठणीत. टोकाला जेमतेम ओल.

खुशालराव स्टुलावर बसले. अक्षय तृतीयेला ऑइल त्यांनीच बदललं होतं. बंद गाडीत खुणेपर्यंत भरलं, आणि इंजिन चालू होताच ते आतल्या यंत्रात ओढलं गेलं. दीड-दोन लिटर कमी. गावात सपाटीला गाडी निभावून नेत होती. घाटात लोड घेऊन चढली, ऑइल मागे सरलं, पंपाला हवा मिळाली आणि आत जळालं. अनुपने न्यूट्रल मारलं नव्हतं. तो पहिल्यापासून खरं बोलत होता.

आणि हे कोणालाही कळणार नव्हतं. पट्टी पुन्हा आत घालायची, नागपूरचा गिअरबॉक्स बसवायचा, ऑइल या वेळी नीट भरायचं. मिस्त्रीचं नाव शाबूत. लाज वाटते सांगायला, पण खुशालरावांनी पट्टी खरंच आत घातली, वरचं झाकण लावलं आणि हात धुतले. साबणाने दोनदा धुतले. मग ओल्या हातानेच फोन उचलून त्यांनी संघपालला बोलावलं.

संघपाल ऑटोने आला, काठी टेकत आत शिरला. खुशालरावांनी आधी इंजिन बंद ठेवून पट्टी दाखवली, खुणेपर्यंत ओली. मग चालू करून, गरम करून दाखवली, कोरडी. मधलं स्पष्टीकरण फार लागलं नाही.

"मीच मारली गाडी," ते म्हणाले. "पोट्टा निर्दोष हाय. मी नीट न पाहता बोललो."

संघपालने कोरडी पट्टी उजेडाकडे धरली. "दर आइतवारी सकाळी मी पाहत होतो काका. तुमी सांगतलं तसंच. थंडी गाडी, बंद इंजिन. दर आइतवारी पुरं दिसे."

"माह्यावर ओरड, बाप्पा."

"तुमाले ओरडून काय करू? तुमी गाडीचं बोलले. मी त्याले बोललो."

खुशालरावांनी नवं लाल ऑइल भरलं, चालू इंजिनावर, थेंबाथेंबाने. गाडी सुधारली, पण पुरती नाही. तिसरा आता पडत होता, मात्र थोडा घसरून. आत जळायचं ते जळून गेलं होतं. संघपालने गिअरबॉक्सचं नंतर पाहू म्हटलं, आणि दोघं तशाच गाडीने मूर्तिजापूरवरून अकोल्याला निघाले. पट्टी खुशालरावांनी पुसून ठेवली होती, अनुपला दाखवायची म्हणून.

डाळमिलच्या फाटकाशी दुपारी तीनला निरोप धाडला. अनुप बाहेर आला तो केसांपासून पायांपर्यंत तुरीच्या भुशीने माखलेला. भावाला पाहून थबकला, पण मागे वळला नाही. संघपाल स्टीअरिंगवरच बसून होता. खुशालरावांनी भर उन्हात इंजिन चालू ठेवून पट्टी काढली, अक्षरं दाखवली आणि सगळं सांगितलं. आपली चूक आपल्या तोंडाने, एक शब्द न गाळता. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी निकाल दिला नाही, जबानी दिली.

अनुपने पट्टी हातात घेतली. अंगठा अक्षरांवरून फिरवला.

"म्हंजे पट्टीनं सांगतलं तवा दादाले पटलं," तो म्हणाला. "मी सांगत होतो, तवा काहून नाही पटलं?"

खुशालरावांना वाटलं होतं, आपण कबूल केलं की गाठ सुटेल. पण हा प्रश्न त्यांच्यासाठी नव्हताच. ऑइलची चूक त्यांची होती. इथे मध्ये बोलायचा त्यांना हक्क नव्हता. ते एक पाऊल मागे सरले.

संघपाल दार उघडून खाली उतरला. काठी गाडीतच राहिली होती, म्हणून दाराला धरून उभा राहिला.

"चुकलो मी," तो म्हणाला. "गाडीचं नाही म्हनत. पायाचं बोललो थे."

अनुपने पट्टी परत खुशालरावांच्या हातात दिली. भावाच्या पायाकडे पाहिलं, मग मिलच्या फाटकाकडे.

"मले आत जा लागते. सुट्टी सहाले होते."

"थांबतो मी," संघपाल म्हणाला.

अनुपने गाडीत वाकून काठी काढली, भावाच्या हातात दिली आणि फाटकातून आत गेला. सहा वाजायला अजून पावणेतीन तास होते. संघपालने पिकअप कडुनिंबाच्या सावलीत घेतली आणि इंजिन बंद केलं.