गोड विहिरीवर वाढलेली गाडी

टण्‌. स्टीलच्या वाटीत चावी पडली आणि इतका वेळ गप्प असलेलं घर दचकलं. ओटीवर तांदूळ निवडत बसलेल्या जनीआजींचा हात सुपातच थांबला.

"उद्या सकाळी चांगदेव येईल दोरी घेऊन," त्यांचा मुलगा सुजित म्हणाला. "सुट्या भागांसाठी नेतो म्हणालाय. विषय संपला."

मित्रांनो, ती चावी माझी होती. आणि संपलेला विषय म्हणजे मी.

मी एक जुनी व्हॅन आहे. रंग एके काळी पांढरा होता, आता ताकासारखा आहे. नाक चपटं, दारं सरकती, आणि इंजिन पुढच्या सीटच्या खाली. त्यामुळे उन्हाळ्यात चालवणाऱ्याला खालून चांगला शेक बसतो. तो माझा स्वभाव आहे, दोष नव्हे. ज्यांना गार बसून जायचंय त्यांनी काचा लावलेल्या मोठ्या गाड्यांतून जावं. माझी काही हरकत नाही. पण मला कोणी भंगार म्हटलं, तर मात्र माझं म्हणणं ऐकवल्याशिवाय मी जागची हलणार नाही. तसंही त्या संध्याकाळी मला हलता येत नव्हतंच.

माझा जन्म दूर उत्तरेकडच्या एका कारखान्यात झाला. तिथे आम्ही सगळ्या एकसारख्या होतो, रांगेत उभ्या. कोणाच्या तरी दारात गेल्यावरच आमच्यापैकी एकेकीला स्वतःचा चेहरा मिळतो. मला तो मिळाला रायगडच्या किनाऱ्यावर, नागावला. सुजितचे वडील बाबाजी यांनी मला आणलं. त्यांची नारळी-पोफळीची वाडी होती, आणि नारळ-सुपारी अलिबागच्या बाजारात न्यायला त्यांना गाडी हवी होती.

नव्या सुनेला दाखवतात तशी बाबाजींनी मला पहिल्याच दिवशी घरामागची विहीर दाखवली. समुद्र हाकेच्या अंतरावर, तरी तिचं पाणी शहाळ्यासारखं. गावात तिचं नावच गोड विहीर. स्वतःच्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही म्हणून शेजारच्या आळीतल्या बायका इथून कळशी भरून न्यायच्या. त्या दिवशी जनीआजींनी पितळी तांब्यातलं पाणी माझ्या चारही चाकांवर घातलं, आणि उरलेलं रेडिएटरमध्ये ओतलं. रेडिएटर म्हणजे इंजिनाच्या अंगातली आग शांत ठेवणारी पाण्याची पेटी.

"घरच्या माणसाला घरचंच पाणी," बाबाजी म्हणाले.

तो त्या घरचा रिवाज झाला. दर दसऱ्याला झेंडूची माळ, आपट्याची पानं आणि गोड विहिरीचा तांब्या. एरवीही माझी तहान भागली ती त्याच पाण्यावर. सीटच्या मागे त्याचा एक कॅन भरलेला असायचाच.

पुढे बाबाजी गेले आणि मी फणसाखाली उभी राहिले. सुजितला कामावर न्यायला कंपनीची बस यायची, त्याला माझी गरज नव्हती. माझ्या चाकांतली हवा गेली. एका कोंबडीने मागच्या सीटवर अंडी घालायला सुरुवात केली. मी तिला हाकललं नाही. पोट रिकामं असण्यापेक्षा ते बरं होतं.

मग या घरात प्राप्ती सून म्हणून आली. तिला गाडी चालवता येत नव्हती, आणि येत नाही हे तिला मान्य नव्हतं. कोंबडीला खाली उतरवून, चाकांत हवा भरून तिने मला ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर काढलं. पहिल्याच दिवशी भुसभुशीत वाळूत रुतवलं. एका घोडागाडीवाल्याने घोडा जोडून मला ओढून काढलं आणि म्हणाला, "वहिनी, आमच्या घोड्याकडं लायसन न्हाय, पन कुठं थांबायचं ते त्याला कळतं."

किनाऱ्यावरचे सगळे हसले. प्राप्तीही हसली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच आली. घरी परतल्यावर ती विहिरीचं पाणी काढून माझं पोट खालून स्वच्छ धुवायची, समुद्राचं मीठ मला लागू नये म्हणून. इतकी काळजी माझी कोणी घेतली नव्हती.

त्या सुमारास गावात घरोघरी पाहुणे उतरायला लागले. ज्या घरांना राहायला खोल्या देणं जमायचं पण रांधणं जमायचं नाही, त्यांच्यासाठी प्राप्तीने थाळ्या सुरू केल्या. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, सुरमईचा तुकडा, सोलकढी. थाळ्या पोचवायला मी. तिची लेक प्रणाली तान्ही होती तेव्हा डब्यांच्या मध्ये गोधडीवर झोपायची. आता ती पहिलीत जाते आणि मागच्या सीटवर बसून पाढे म्हणते. बिरड्याचा वास, पाढे आणि खालून इंजिनाचा शेक, असा आमचा संसार. ती कमाई प्राप्तीची स्वतःची होती. त्यासाठी तिला कोणापुढे हात पसरावा लागत नव्हता, आणि त्याचा तिला अभिमान होता. मलाही होता.

आणि मग यंदाच्या मे महिन्यातला तो दिवस आला.

काशीदला पाहुण्यांच्या एका मोठ्या गटाचं जेवण होतं. रेवदंड्याचा पूल ओलांडला तोवर सगळं ठीक होतं. काशीदच्या अलीकडच्या चढावर माझ्या पोटात अचानक कळ आली. उष्णतेचा काटा सरसर वर गेला. प्राप्तीने त्याच क्षणी मला कडेला घेतलं, पण तेवढ्यात सीटखालून वाफ उसळली, आतून खट्ट असा आवाज झाला, आणि मी बंद पडले. तिने चावी फिरवली. मी नुसती कण्हले.

आता तिने काय केलं ते ऐका. ती रडली नाही. मागून येणारा माशांचा टेम्पो तिने हात करून थांबवला, बर्फाच्या पेट्यांवर डबे चढवले, प्रणालीला मांडीवर घेतलं आणि निघून गेली. जेवण वेळेवर पोचलं. भाकऱ्यांना थोडा बोंबलाचा वास लागला, तर पाहुण्यांनी तो किनाऱ्याचा खास स्वाद समजून पुन्हा मागून घेतल्या.

मला दोरी लावून घरी आणलं. चांगदेव हा आमच्या भागातला जुना मेस्त्री. त्याने वरवर पाहिलं, ऑईलची कांडी काढून हुंगली आणि मान हलवली. "हेड गेलं. इंजिन बसलं. खर्च एवढा, की तेवढ्यात अशी दुसरी जुनी गाडी येईल." मग सुजितकडे वळून हळूच, पण प्राप्तीला आणि मला ऐकू येईल असं म्हणाला, "काटा वर गेला तरी बाया रेटत नेतात रे. काय बोलायचं?"

सुजितने ते खरं मानलं. जनीआजींनीही मानलं असावं, कारण त्या काही बोलल्या नाहीत. आणि त्याच संध्याकाळी वाटीत चावी पडली. मी गेले असते तर प्राप्तीच्या थाळ्या गेल्या असत्या, आणि घराची गाडी जाळणारी सून हे नाव तिच्या अंगाला कायमचं चिकटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चांगदेव दोरी घेऊन आला. प्राप्ती माझ्या नाकासमोर उभी होती, पदर खोचून.

"भाऊ, दोरी खाली ठेवा," ती म्हणाली. "आधी हिला उघडा. कशाने गेली ते माझ्या डोळ्यांना दाखवा. मग न्या."

"वहिनी, उघडायला अर्धा दिवस जाईल."

"जाऊ दे. जेवूनच जा मग."

"प्राप्ती, कशाला वाढवतेस?" सुजित म्हणाला.

"मी वाढवत नाही. काटा हलला त्या क्षणी मी गाडी थांबवलीये. प्रणाली होती माझ्याबरोबर. आता माझ्यावर आलंय ते मी असंच घेणार नाही."

चांगदेवने सुजितकडे पाहिलं. सुजितने खांदे उडवले. जेवणात काय आहे, असं विचारून चांगदेवने पाना-पक्कड काढली.

त्याने रेडिएटर सोडवून अंगणात आणला आणि फरशीवर आपटला. आतून पांढरे पापुद्रे पडले, चुन्यासारखे. नळ्या चोंदलेल्या, पाण्याचा पंप गंजाने खाल्लेला, हेडला, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाला, आतून भोकं. चांगदेव उकिडवा बसला आणि त्याने एक पापुद्रा बोटांत चुरला.

"गाडी मिठागरात उभी करत होता काय रे?" त्याने विचारलं. "पानी कुठलं घालता हिच्यात?"

"आमच्या गोड विहिरीचं," प्रणालीने अभिमानाने सांगितलं.

मित्रांनो, एक गोष्ट सांगायची राहिली. घरात नळ आल्यापासून विहिरीचं पाणी प्यायचं बंद झालं होतं. ते झाडांना जायचं आणि मला यायचं. विहिरीचं पाणी तोंडात घेणारी त्या घरात मी एकटीच उरले होते. माझ्या जिभेला चव कळत होती, पण सांगायला शब्द नव्हते. नाव गोड, म्हणून पाणी गोड, असं सगळे धरून चालले होते.

प्राप्ती मागे गेली आणि तांब्या भरून घेऊन आली. एक घोट घेतला आणि थुंकला. मग तांब्या सुजितपुढे धरला. त्यानेही घोट घेतला. त्याचा चेहरा कसनुसा झाला.

"मचूळ आहे," तो म्हणाला.

"मचूळ कसलं, खारट आहे. तोंड फिरवू नका, नीट बोला."

"खारट आहे."

जनीआजी ओटीवरून उठल्या. "बाबाजींची विहीर खारी व्हायची न्हाय. आण इकडं." त्यांनी तांब्या वर धरून पाणी घशात सोडलं. त्या थुंकल्या नाहीत. डोळे मिटून त्यांनी ते सगळं गिळलं. मग म्हणाल्या, "पोफळी पिवळ्या पडत व्हत्या. मला वाटलं, झाडं म्हातारी झाली. पानीच बदललं व्हय?"

"काकी, आजूबाजूला बोअर किती झाल्या बघा," चांगदेव म्हणाला. "कुनाचा पोहनतलाव, कुनाची बाग. खालचं गोड पानी वर ओढलं की समुद्र आत सरकतो."

प्राप्तीने मान खाली घातली. ज्यांच्या पाहुण्यांना ती जेवू घालत होती, त्यांच्याच त्या बोअर होत्या.

पण जनीआजी तिच्याकडे वळल्या. "बाय, तुझी चूक न्हाय. हिला पानी मीच पाजलंय, वर्सानुवर्सं." मग लेकाकडे. "सुजित, ती दोरी त्याला परत दे. आनि तुला बायकोची माफी मागायची लाज वाटत असंल, तर मी आत जाते."

त्या खरोखरच आत गेल्या. सुजितने चावी आणून प्राप्तीच्या हातात ठेवली. काय म्हणाला ते मी ऐकलं, पण ते त्या दोघांचं आहे.

दुरुस्ती महाग होतीच. ती कोणाच्या शब्दाने स्वस्त झाली नाही. नवा रेडिएटर, नवा पंप, दुसऱ्या गाडीचं वापरलेलं हेड. प्राप्तीने वॉशिंग मशीनसाठी साठवलेले पैसे माझ्या पोटात गेले. चांगदेवच्या मजुरीबद्दल तिने त्याच्याशी बोली केली, की अख्खा सीझन गॅरेजवर दुपारचा डबा पोचेल. "पन बुधवारी मासळी पायजे," एवढीच त्याची अट. तोवर ती भाड्याच्या रिक्षातून थाळ्या पोचवत होती. एकाही घरी तिने उद्या देते असं सांगितलं नाही.

आणि मी सुरू झाले. पहिल्या झटक्याला नाही, तिसऱ्या झटक्याला. जरा मान राखून घ्यावा माणसाने. आता माझ्यात पाण्याऐवजी बाजारातलं हिरवं कूलंट घालतात. ते घालायच्या आधी जनीआजींनी त्याच्या डब्याला हळद-कुंकू लावलं, दसरा नसताना. "घरचं न्हाय," त्या डब्याला म्हणाल्या, "पन आता घरचंच हो."

मित्रांनो, जुनं झालं की ते दगा देणारच, असं तुम्ही म्हणता. मी दगा दिला नाही. जे पाजलंत ते प्यायले, आणि त्यावर जेवढं चालता आलं तेवढं चालले. एखादं यंत्र अचानक बंद पडलं, तर चालवणाऱ्याला बोल लावण्याआधी आणि भंगारवाल्याला बोलावण्याआधी त्याला उघडून बघा. आणि ज्या पाण्यावर घर उभं आहे, ते अधूनमधून स्वतः चाखा. मला वाचवलं ते एका बाईने ‘आधी उघडा’ म्हणून हट्ट धरला म्हणून. हट्ट ही काही वाईट गोष्ट नाही.

काल दुपारी प्राप्ती डबे चढवत होती. प्रणाली विहिरीच्या कठड्याला टेकून आत वाकून बघत होती.

"पडशील, इकडे ये," प्राप्ती म्हणाली.

ती आली, मागच्या सीटवर बसली, पण पाढे म्हणेना. आम्ही फाटकाबाहेर पडलो. दोन्ही बाजूंना पाहुण्यांची घरं, निळे तलाव, हिरवळीवर गरगरणारे फवारे. पहिल्या घरापाशी प्राप्तीने मला थांबवलं, डबा उचलला, आणि उतरणार तेवढ्यात मागून आवाज आला.

"आई, गाडीला चांगदेवकाकांनी बरं केलं. मग विहिरीला कोण बरं करतं?"

प्राप्तीने डबा मांडीवर ठेवला आणि समोरच्या फवाऱ्यांकडे पाहिलं. माझं इंजिन सुरू होतं.