आठ टेपा

सातव्या टेपवर नायिकेचे संवाद असायला हवे होते. त्याने टेप यंत्रावर चढवली, कळ दाबली आणि खोलीभर छापखान्याची घरघर पसरली. त्याने घाईघाईने आठवी लावली. तिच्यावरही छापखानाच.

दोनच दिवसांपूर्वी एका प्रसंगासाठी तो छापखान्यात जाऊन यंत्रांचा आवाज भरून आला होता. निघताना फडताळातून दोन कोऱ्या टेपा उचलल्या होत्या. कोऱ्या टेपा खालच्या कप्प्यात असत. त्याने हात घातला होता वरच्यात.

वय एकोणतीस. सात वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली काढल्यावर मिळालेला पहिला स्वतंत्र सिनेमा. ध्वनिसंकलकाचं काम तसं कोणाला दिसत नाही. संवादांतले खोकले काढायचे, पावलांचे आवाज नेमके पावलांवर बसवायचे, दार लागलं की लागल्यासारखं वाटायला लावायचं. पण त्याचा कान तिखट होता. स्टुडिओत सगळे त्याला ‘कानसेन’ म्हणत आणि त्यालाही ते आवडायचं.

“काय रे, काय म्हणतायत आपल्या बाईसाहेब?” दिग्दर्शक कप हातात घेऊनच आत आला.

चूक झाली, एवढंच सांगायचं होतं. दिग्दर्शकाने दोन शिव्या हासडल्या असत्या, नायिकेचं काम करणाऱ्या मुलीला बोलावून तेवढे संवाद पुन्हा भरून घेतले असते आणि विषय मिटला असता. हे त्याला पुढे रोज कळत गेलं. त्या सकाळी मात्र तोंडून भलतंच निघालं.

“साहेब, एक बोलू? हिचा आवाज जमत नाहीये.”

“म्हणजे?”

“जाड येतो. माइकला चालत नाही.”

“अरे, नाटकात शेवटच्या रांगेपर्यंत पोचायची म्हणतात.”

“नाटक वेगळं, साहेब. सगळेच संवाद दुसरीकडून म्हणवून घेतलेले बरे.”

दिग्दर्शकाने कप खाली ठेवला. “तू म्हणतोस म्हणजे असेल बाबा. आमचे कान म्हणजे नुसते चष्मा अडकवायला.”

दुसरी बाई आली, चार दिवसांत आवाज देऊन गेली. जुन्या टेपा कोणी मागितल्या नाहीत.

मुलगी मात्र आली. तेवीस-चोवीसची असेल. दारातच उभी राहिली.

“दादा, साहेब म्हणाले तुम्हाला विचार. खरंच वाईट आहे का हो माझा आवाज?”

तो टेप गुंडाळत होता. मान वर न करता म्हणाला, “वाईट नाही. माइकला चालत नाही. काहींचा नसतो चालत.”

“मेहनत केली तर?”

“उपजतच असतं ते.”

तिने मान हलवली. मग म्हणाली, “बरं केलंत दादा. बाकीचे नुसतं गोड गोड बोलतात.”

ती गेल्यावर त्याने दाराला आतून कडी घातली. दहापैकी आठ टेपा शाबूत होत्या. उद्या कोणी लावून बघितल्या तर? त्याने पहिली लावली. खोल, उबदार आवाज, एकेक शब्द सुटा आणि स्वच्छ. असा आवाज त्याने दुसऱ्या कोणाचा ऐकला नव्हता. त्याने टेप उलटी फिरवली आणि पुसायला लावली. मग दुसरी. आठही पुसून व्हायला संध्याकाळ झाली.

त्यानंतर चौतीस वर्षं तो त्याच धंद्यात राहिला. सत्तरेक सिनेमे केले, दोन बक्षिसं मिळवली. त्या मुलीला आणखी एकच सिनेमा मिळाला. त्यातही आवाज दुसरीचाच, कारण कानसेनने नाकारलेला आवाज म्हणून तोवर सगळीकडे झालं होतं. नाटकवाल्यांनीही तिला हळूहळू बाजूला सारलं. बक्षीस देताना कोणी त्याच्या कानांची तारीफ केली की तो बुटांकडे बघत राही. बायको कौतुकाने सांगायची, “यांना स्तुती अजिबात सोसत नाही.”

निवृत्तीनंतर दुसऱ्या वर्षी दोघं पडद्यांचं कापड घ्यायला गेली. दुकानातल्या बाई चष्म्यावरून त्याच्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या गळ्यात मोजपट्टी होती.

“दादा, ओळखलंत?”

चेहऱ्यावरून ओळखलं नसतं. आवाजावरून ओळखलं.

“ताई, तुम्हाला सांगते,” त्या बायकोकडे वळल्या, “मी सिनेमात होते. माझा आवाज चालणार नाही, हे सांगायचं धाडस फक्त यांनी केलं. नाहीतर मी जन्मभर आशेवर राहिले असते.”

बायकोचा चेहरा खुलला. “आमचे हे असेच. खोटं म्हणून बोलायचे नाहीत कधी.”

त्याने कापडाच्या फळीला घट्ट धरलं. कान तापले होते.

“तुमच्या आवाजात काही दोष नव्हता,” तो म्हणाला. “दोन टेपा माझ्याकडून पुसल्या गेल्या. ते लपवायला मी तसं बोललो.”

पलीकडे कोणीतरी ठाण उलगडत होतं. बायको त्याच्याकडे बघत होती. ते त्याला न बघताही कळत होतं.

“दोनच?” बाईंनी विचारलं.

“हो.”

“म्हणजे बाकीच्या आहेत.” त्या एकदम पुढे झुकल्या. “कुठे आहेत? माझ्या मुलीने तो सिनेमा बघितलाय. विचारते, आई, तू दिसतेस, पण बोलतंय कोण? तिला एकदा ऐकवायचंय. एखादीच द्या, परत आणून देईन.”

खोटं बोलायची आणखी एक संधी समोर होती. हरवल्या म्हणता आलं असतं.

“मीच पुसल्या. आठही. मुद्दाम.”

बाई सरळ झाल्या. त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. त्याला वाटलं, आता हाकलून देतील. हाकलून द्यावं, असंही वाटलं.

“किती खिडक्या?” त्यांनी बायकोला विचारलं.

“तीन,” बायको कशीबशी म्हणाली.

बाईंनी ठाण पुढे ओढलं, मोजपट्टी लावली आणि मोजायला घेतलं. मध्येच थांबल्या.

“हे पहिल्या धुण्यात आटतं,” त्या म्हणाल्या. “मीटरभर जास्त घ्या, ताई. नंतर हा रंग मिळायचा नाही.”

बायकोने मान हलवली. बाईंनी कात्री उचलली आणि रेघ न आखता कापड सरळ कापलं.