ग्लासभर पाणी

माझं पोट लग्नांच्या शूटिंगवर भरतं, पण सावेडीतल्या स्टुडिओच्या पाटीवर मी ‘नोहा साळवे, दिग्दर्शक’ असं लिहून घेतलंय. त्यामुळे राहात्याकडच्या एका कागद कारखान्याच्या जनसंपर्क अधिकारी राजनंदिनी मॅडमनी फिल्म करायला बोलावलं, तेव्हा वाटलं, ओळखलं बाबा कुणीतरी एकदाचं.

कारखान्याच्या पाण्यानं ओढा नासला, अशी शेजारच्या गावाची तक्रार होती. आम्ही पाणी शुद्ध करूनच सोडतो, हे गावाला फिल्ममधून पटवायचं होतं.

कल्पना सुचेना म्हणून मी शेजारच्या जॉर्जकाकांकडे गेलो. तरुणपणी ते जीपमध्ये प्रोजेक्टर टाकून कंपन्यांच्या फिल्म गावोगाव दाखवत.

“खतं, इंजिनं, साबण, सगळ्यांच्या फिल्म असायच्या,” काका म्हणाले. “एकीत तर मोठे साहेब कारखान्याचं पाणी ग्लासभर प्यायचे. लोक टाळ्या वाजवायचे. आता त्यातली गंमत अशी की...”

गंमत ऐकायला मी थांबलोच नाही. मला माझा सीन मिळाला होता.

शूटिंगच्या दिवशी कारखान्याच्या मॅनेजरांचा घसा धरला होता. मॅडमचा उपवास होता, पाण्याचासुद्धा. शेवटी मी कॅमेरा स्टँडवर लावला आणि कारखान्यातून सोडलेल्या पाण्याचा ग्लास स्वतःच उचलला. पहिल्या टेकमध्ये चेहरा जरा कसनुसा झाला, म्हणून दुसरा घेतला. तिसरा निव्वळ हौसेखातर.

चार दिवस सलाईनवर होतो. काका भेटायला आले आणि डोक्याला हात लावून बसले. “अरे, साहेबांच्या ग्लासात विहिरीचं पाणी असायचं! तेच सांगत होतो, तर तू पळालास.”

तरीही मी फिल्म पुरी केली, आणि तो सीन ठेवला. माझा अभिनय चांगला झाला होता.

गावच्या समाजमंदिरात फिल्म दाखवली. दिवे लागले तशा चांगुणाबाई नावाच्या एक आजी उठल्या. “त्यो पानी पिनारा मानूस जित्ता हाय का?”

सगळे हसले. मी मागून हात वर केला. खरं सांगतो, ओळखल्याचा आनंदच झाला.

“मंग सांग की बाबा, कसं लागलं पानी?”

कुणीतरी माईक दिला. मॅडम डोळ्यांनी नको नको म्हणत होत्या. पण एवढे लोक माझ्याकडे बघत होते, आणि मला दुसरं काही सुचेना. “चार दिवस सलाईन लागलं, आजी,” मी म्हणालो.

हसू थांबलं. चांगुणाबाई शांतपणे म्हणाल्या, “आमची जनावरं रोज पित्यात.”

हे मला इतक्या दिवसांत सुचलंच नव्हतं.

मॅडमनी मला पुन्हा बोलावलं नाही. पंधरा दिवसांनी ओढ्याच्या पाण्याचे नमुने न्यायला सरकारी माणसं आली. गावानं तीन वर्षं अर्ज केले होते, त्यामुळेच आली असणार. मी मात्र सगळ्यांना सांगतो, माझ्या फिल्ममुळे आली.